टाकळीची दगडी फळे



दोनतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सौंसरकडचा एक विद्यार्थी दिवाळीच्या सुटीहून परत आला तो एक दगड घेऊन. सौंसर आज मध्यप्रदेशात मोडते, पण घराघरांत बोली मराठीच. मुलगा शेतकऱ्याचा. म्हणाला, "सर, हा आमच्या बांधावरचा. माझे आजोबा यावर विळा पाजवत. घरी सगळे म्हणतात, हे राक्षसाचं हाड आहे. तुम्ही इतिहास शिकवता, तुम्हीच सांगा."

दगड हातभर लांब, पोत लाकडासारखा, वजन मात्र लोखंडासारखे. आता मी पडलो इतिहासाचा माणूस. भोसल्यांची वंशावळ विचारा, सीताबर्डीची लढाई विचारा, सांगेन. पण राक्षसाच्या हाडापुढे माझी एम. ए.ची पदवी काय कामाची? मी तो दगड वनस्पतिशास्त्राच्या आमच्या एका सहकाऱ्यांकडे नेला. त्यांनी तो पाण्याने ओला केला, भिंगाखाली धरला आणि म्हणाले, "हाड नाही, ताडाच्या जातीचं खोड आहे. वय असेल सहासाडेसहा कोटी वर्षं."

त्या दिवसापासून या विषयाचे वेड मला लागले. आज जे सांगणार आहे ते त्या वेडातूनच जमवलेले आहे. त्यात राजे नाहीत, लढायाही नाहीत. पण इतिहास आहे, आणि तो आपल्या पायाखालचा आहे.

सुरुवात नागपुरातूनच करू. स्टीफन हिस्लॉप हे नाव नागपुरात कोणाला ठाऊक नाही? त्यांच्या नावाचे कॉलेज १८८३ पासून या शहरात आहे. गृहस्थ स्कॉटलंडचे, १८१७ साली जन्मलेले. म्हणजे सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज आणि इंग्रज यांची लढाई झाली त्याच सालचे. मिशनरी म्हणून १८४५ साली ते नागपुरात आले, शाळा काढली, मराठी शिकले, गोंडांच्या वस्त्यांतून हिंडले. गोंड आणि इतर आदिवासी जमातींविषयी त्यांनी जमवलेली टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ साली, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. त्यांच्या धर्मकार्याविषयी मला आज बोलायचे नाही. मला बोलायचे आहे ते त्यांच्या पायी हिंडण्याच्या सवयीविषयी.

१८५१ साल. नागपुरात अजून तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना शहराच्या वायव्येला, टाकळी गावाजवळ, काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये एक वेगळाच पातळ थर दिसला. त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शिंपले होते. अधिक खोदून पाहता फळे निघाली, बिया निघाल्या, पाने आणि लाकडाचे तुकडे निघाले, एवढेच काय, भुंग्यांच्या कवचासारखे पंखही निघाले. आणि सगळे दगडाचे!

ही टाकळी कोठे, असे बाहेरगावचे श्रोते विचारतील. नागपूरकरांनी पोलीस लाइन टाकळी हे नाव रोज ऐकलेले असते. तीच. तिच्या शेजारी गिट्टीखदान. नावच सांगते तेथे काय चालत असे. आणि सेमिनरी हिल्सवर आज भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची मोठी कचेरी उभी आहे. ज्या टेकड्यांच्या कुशीत या विद्येचा नागपुरात जन्म झाला, तेथेच तिचे सरकारी घर व्हावे, हा योगायोग मला फार आवडतो.

हिस्लॉप आणि हंटर हे दगड घरात शोभेला ठेवून स्वस्थ बसले नाहीत. नागपूरच्या परिसरातील भूस्तर आणि त्यांतील अवशेष यांवर त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली छापून आला. तोवर भोसल्यांचे राज्य खालसा झाले होते. भुंग्यांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० साली केले. कामठीकडील वालुकाश्मात सापडलेल्या पानांचे वर्णन बनबरी या वनस्पतिज्ञांनी १८६१ साली प्रसिद्ध केले. ही कामठीची पाने टाकळीच्या फळांहून कितीतरी जुनी, पंचवीस कोटी वर्षांच्या आसपासची. त्यांतले मुख्य पान 'ग्लॉसोप्टेरिस', म्हणजे जिभेच्या आकाराचे पान. कॅप्टन स्कॉटची तुकडी १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मेली. तिच्याजवळ जे दगड सापडले त्यांत याच जातीची पाने होती. कामठीचे पान दक्षिण ध्रुवाकडे कसे? पूर्वी हे सारे भूखंड एकत्र होते म्हणून. त्या एकत्र भूमीला जगाने नाव दिले गोंडवनलँड. आमच्या गोंडांचे, गोंडवनाचे! जगातल्या प्रत्येक भूगोलाच्या पुस्तकात हे नाव आहे. पण आमच्या किती शाळांतून मुलांना ते कोठून आले हे सांगतात, हे शिक्षक मित्रांनीच मला कळवावे.

हिस्लॉप यांचा शेवट मनाला चटका लावणारा झाला. सप्टेंबर १८६३ मध्ये ते टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहायला गेले होते. रात्री परतताना बोरीजवळ पुराने भरलेल्या ओढ्यात घोड्यावरून उतरले आणि बुडाले. वय अवघे पंचेचाळीस. आपल्याकडचा भाद्रपदातला ओढा किती फसवा असतो हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको.

आता फळ दगडाचे होते कसे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. नाहीतर कोणी म्हणेल, मास्तर शापाबिपाच्या गोष्टी सांगतो.

आपली काळी कपाशीची जमीन ज्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झाली, तो पाषाण म्हणजे थिजलेला लाव्हारस. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून हा रस पुरासारखा पसरला. आज जे उरले आहे तेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. नागपूर या पसाऱ्याच्या अगदी पूर्व काठावर आहे. सीताबर्डीचा किल्ला लाव्ह्यावर बसला आहे आणि शहराच्या पूर्वेला गेले की निराळा, फार जुना खडक लागतो. पण हा रस एका दमात आला नाही. एक थर आला, थंडावला. मग पुष्कळ काळ शांततेचा गेला. खळग्यांतून तळी साचली, काठाने झाडे उगवली, पाने-फळे पाण्यात पडून गाळात रुतली. मग पुन्हा रस आला आणि त्याने ते सारे झाकून टाकले. थरांच्या मधल्या या गाळात गारेचे द्रव्य, ज्याला सिलिका म्हणतात, पाण्यात विरघळून मुरले. लाकडाच्या, फळाच्या एकेका पेशीत ते शिरले आणि तेथेच घट्ट झाले. म्हणून फळ कुजले नाही, त्याची गार झाली. हे झाले असे नेमके की आज त्या गारेचा पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशीची भिंत न् भिंत मोजता येते.

हिस्लॉपनंतर पुष्कळ वर्षे टाकळीच्या फळांकडे वनस्पतिज्ञांचे म्हणावे तसे लक्ष गेले नाही. दगड सांभाळायचे काम झाले, वाचायचे राहिले. ते वाचणारा माणूस आला विसाव्या शतकात: प्रा. बिरबल साहनी. जन्म १८९१, शिक्षण लाहोर आणि केंब्रिजचे, नोकरी लखनौ विद्यापीठात. १९३१ साली अश्मीभूत सूचिपर्णी वृक्षांचा आढावा घेताना त्यांनी एका शंकूला नाव दिले 'टाकलिओस्ट्रोबस'. म्हणजे टाकळीचा शंकू. पोलीस लाइन टाकळीचे नाव असे शास्त्राच्या लॅटिन बाडात जाऊन बसले!

पण खरी खाण निघाली ती छिंदवाड्याजवळच्या मोहगाव कलां या गावी. तेव्हा छिंदवाडा आणि नागपूर एकाच प्रांतात, मध्यप्रांतात, होते. मोहगावच्या शेतांतून पांढरट, करड्या गारेचे धोंडे सुटे पडलेले असत. शेतकऱ्याला त्यांचा उपद्रवच. नांगराला लागतात, म्हणून उचलून बांधावर टाकायचे. त्या धोंड्यांत एक अख्खे रान कोंडलेले होते. साहनी, त्यांचे सहकारी आणि भूशास्त्रज्ञ के. पी. रोडे यांनी १९३० ते १९४५ च्या दरम्यान त्यांतून ताडाच्या जातीची खोडे आणि फळे काढली, पाण्यावर तरंगणाऱ्या नेच्यांच्या जाती काढल्या. एका पाणनेच्याला साहनींनी 'रोडाइटिस' असे नाव देऊन रोड्यांचा मान राखला.

एका फळाने साहनींना फार छळले. बोंडासारखे, आत कप्पे, कप्प्यांत बिया, पण कोणत्या कुळाचे ते ठरेना. त्यांनी त्याचे नावच ठेवले 'एनिग्मोकार्पॉन', म्हणजे कोड्याचे फळ. त्याला जोडून 'परिजाई' हे नाव, ओडिशाचे वनस्पतिज्ञ प्राणकृष्ण परिजा यांच्या सन्मानार्थ. शेवटी १९४३ साली त्यांनी कोडे सोडवले: हे मेंदीच्या कुळातले. ताम्हण, धायटी, आपला शिंगाडा, डाळिंब, ही सारी आजच्या वर्गीकरणात त्याच कुळात येतात. पुढच्याच वर्षी, १९४४ साली, नागपूरच्या सायन्स कॉलेजातील प्रा. व्ही. बी. शुक्ल यांनी मोहगावच्या दगडातून एक फूल प्रसिद्ध केले. होय, फूल! पाकळी नखाएवढीही नसेल, पण परागकोश शाबूत. त्याला त्यांनी 'साहनिअँथस' नाव दिले. ते फूल आणि ते कोड्याचे फळ एकाच झाडाचे, असे पुढे अभ्यासकांचे मत झाले. सहा कोटी वर्षांपूर्वी एका डहाळीवर असलेली ही जोडी, एक लखनौने ओळखली, एक नागपूरने.

नागपूरचे सायन्स कॉलेज, ज्याला आता विज्ञान संस्था म्हणतात, १९०६ सालचे. शुक्लांनंतर तेथे ही परंपरा चालवली ती डॉ. शामला चितळे यांनी. त्यांनी १९५१ साली मोहगावच्या वनस्पतींवर निबंध लिहिला, पुढे त्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या आणि कितीतरी विद्यार्थ्यांना त्यांनी दगड वाचायला शिकवले. पुढे अमेरिकेत क्लीव्हलंडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात त्यांनी पुराणवनस्पतींचे काम पाहिले. पन्नास-साठ सालच्या काळात एका मराठी बाईने विद्यार्थ्यांसह मोहगावच्या उन्हात धोंडे फोडावेत, ही गोष्ट आमच्या मुलींच्या शाळांतून सांगण्यासारखी आहे.

हे काम नाजूक. धोंडा करवतीने कापायचा, चकाकी येईपर्यंत घासायचा, मग काचेला चिकटवून इतका पातळ करायचा की त्यातून उजेड आरपार जावा. दुसरी रीत अशी की, गार खाणाऱ्या एका जहाल आम्लात दगड क्षणभर बुडवायचा. गार थोडी खरवडली जाते आणि पेशींच्या भिंती उंचावून राहतात. त्यावर पारदर्शक पापुद्रा चिकटवून सोलून घेतला की त्या भिंती पापुद्र्यासोबत येतात. हे आम्ल हाडापर्यंत पोचते. या माणसांनी ते वर्षानुवर्षे हाताळले.

आता या सगळ्यात माझ्या मते सर्वांत मौजेचे जे फळ, त्याकडे वळतो. त्याचे नाव नीपा. मराठीत त्याला नाव नाही, कारण ते आपल्याकडे उगवतच नाही. ताडाच्या कुळातले हे झाड, पण त्याचे खोड उभे राहत नाही, चिखलात आडवे पसरते आणि पाने तेवढी वर येतात. सुंदरबनात याला गोलपाता म्हणतात आणि त्याच्या झावळ्यांनी झोपड्या शाकारतात. मलाया, फिलिपाइन्सकडे त्याचा रस काढतात, आपण शिंदीचा काढतो तसा. फळांचा गड्डा माणसाच्या डोक्याएवढा, त्यातली फळे सुटी होऊन पाण्यावर तरंगत जातात. ही सारी बाब खाडीची. जेथे भरती-ओहोटीचे खारे-गोडे पाणी आहे, तेथेच नीपा. बंगालपासून इंडोनेशियाच्या बेटांपर्यंत उष्ण आशियाच्या किनाऱ्याने ती पसरलेली आहे.

आणि हे फळ मोहगावात सापडले. छिंदवाडा जिल्ह्यात! जेथून आज कोणताही समुद्र गाठायचा तर शेकडो मैल जावे लागते. रोड्यांनी १९३३ साली त्याची नोंद केली, साहनी व रोडे यांनी १९३७ साली त्यावर लिहिले, आणि पुढे चितळेबाई आणि त्यांचे सहकारी नंबुदिरी यांनी त्याच्या आतल्या रचनेचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला.

यातून दोन वाद उभे राहिले. पहिला वाद वयाचा. नीपाची फळे लंडनजवळ, टेम्स नदीच्या मुखाशी शेपी बेटावरही दगड झालेली सापडतात. बावरबँक या गृहस्थांनी त्यांचे वर्णन १८४० सालीच केले होते. ती साधारण पाच कोटी वर्षांपूर्वीची. हिस्लॉप यांनाही आपले टाकळीचे अवशेष त्याच काळचे वाटले होते. साहनींनी तोच धागा धरला. १९४० साली मद्रासला भारतीय विज्ञान परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी भाषण केले, त्याचा विषयच दख्खनचा काळा पाषाण हा तृतीयक युगातला, असा होता. याउलट भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे लोक म्हणत, नाही, हा पाषाण त्याआधीच्या, म्हणजे डायनोसॉरच्या युगाच्या शेवटचा. जबलपूरजवळ आणि आपल्या वरोरा तालुक्यात पिसदुऱ्याला या पाषाणाच्या तळाशी डायनोसॉरची हाडे निघतात, ती काय म्हणून?

एकीकडे फळ, एकीकडे हाड. कोण खरे? साहनींच्या हयातीत हा वाद सुटला नाही. ३ एप्रिल १९४९ रोजी लखनौला त्यांच्या पुरावनस्पती संस्थेची कोनशिला पंडित नेहरूंच्या हस्ते बसली. त्या कोनशिलेतच निरनिराळ्या देशांतील अश्मीभूत वनस्पती बसवलेल्या आहेत. आणि नंतर आठवड्याभरातच साहनी वारले. पुढे खडकातील मूलद्रव्यांवरून वय मोजण्याच्या रीती आल्या. टाकळीच्याच शेजारच्या गिट्टीखदानच्या थरातून मासे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांचे बारीक अवशेष निघाले, ते १९८४ साली प्रसिद्ध झाले. परागकणांचा अभ्यास झाला. आज असे ठरले आहे की, या लाव्ह्याचा मोठा भाग सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, दहा लाख वर्षांहून कमी काळात, बाहेर आला. म्हणजे अगदी त्या दोन युगांच्या उंबरठ्यावर. काही थर अलीकडचे, काही पलीकडचे. मोहगावचे थर पलीकडचे, डायनोसॉरच्या बाजूचे, असे आता मानतात. साहनींचा अंदाज साधारण एक कोटी वर्षांनी चुकला. एक कोटी ही चूक लहान की मोठी हे आम्हा शंभर वर्षांचा इतिहास शिकवणाऱ्यांना कळत नाही! पण एक सांगतो. नीपा ही फार जुनी आणि फार लांब काळ टिकलेली जात आहे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. साहनींनी हातातल्या पुराव्यावरून तर्क केला, तो सरळ होता. पुरावा अपुरा होता.

दुसरा वाद समुद्राचा. नीपा होती म्हणजे खाडी होती. मग समुद्राचा एखादा फाटा छिंदवाड्यापर्यंत आला होता काय? पुष्कळांना हे हास्यास्पद वाटे. मग १९८१ साली मोहगावच्या दगडांतून समुद्री शेवाळांची नोंद झाली. हे काम करणारे अभ्यासक लखनौचे होते. आणि २००९ साली छिंदवाडा जिल्ह्यातल्याच झिलमिली गावच्या थरातून समुद्रात तरंगणारे अतिसूक्ष्म प्राणी सापडल्याचे प्रसिद्ध झाले. नर्मदेच्या किंवा गोदावरीच्या खोलगटातून समुद्र आत घुसला असावा, असे ते अभ्यासक म्हणतात. सगळ्यांना हे मान्य आहे असे नाही. पण फळाने आधी सांगितले ते प्राण्यांनी पुढे दुजोऱ्याला धरले, एवढे खरे.

येथे जरा आडवाटेला जातो. सतराव्या शतकात मलबारात व्हॅन ऱ्हीड नावाच्या डच अधिकाऱ्याने तेथील झाडापाल्याचा ग्रंथ केला. त्याचे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात हॉलंडात छापले गेले. त्यात इट्टी अच्युतन या वैद्यांचे नाव आहे. रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यब्राह्मणांनी १६७५ साली नागरी लिपीत लिहून दिलेला दाखलाही त्यात छापलेला आहे. म्हणजे झाड कोणी दाखवले, नाव कोणी सांगितले, हे तीनशे वर्षांनंतरही आपण म्हणू शकतो. टाकळीचे, मोहगावचे तसे नाही. दगड फोडणारे वडार, बांधावरचे धोंडे दाखवणारे शेतकरी, पाट्या वाहणारे गडी, यांच्यावाचून एकही फळ लंडनला वा लखनौला पोचले नसते. त्यांची नावे आपल्यापर्यंत आली नाहीत. मला हे खटकते.

बरे, या दगडी फळांचा आजच्या झाडांशी संबंध काय? फार मोठा आहे. त्या काळी आपला भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि आफ्रिकेपासून सुटून उत्तरेला सरकत होता. त्याची चाल कधीकधी वर्षाला पंधरा सेंटीमीटरच्या वर, म्हणजे वीतभराच्या जवळपास असे. पाच कोटी वर्षांच्या सुमारास तो आशियाला भिडला. मग आशियाच्या उष्ण रानातली झाडे इकडे आली की इकडची तिकडे गेली? एरवी आपण गृहीत धरतो की सारे तिकडून आले.

आपल्या पूर्वेला, बालाघाट-मंडल्याकडे सालाची राने आहेत. धूप घालायला आपण राळ वापरतो ती या झाडाची. सालाच्या कुळात जगात पाचशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक मलाया, बोर्निओ, सुमात्रा या भागांत. बोर्निओच्या रानातली सर्वांत उंच झाडे बहुतेक याच कुळाची. म्हणून हे कूळ तिकडचेच, असे वाटणे साहजिक होते. पण गुजरातेत सुरत जिल्ह्यात वस्तान येथे कोळशाच्या खाणीत पाच कोटी वर्षांपूर्वीची राळ निघाली, ती याच कुळातल्या झाडांची. आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, डायनोसॉरच्या युगाच्या अखेरचे या कुळाचे परागकण भारतात ओळखले गेले. त्या अभ्यासकांचे म्हणणे असे की, हे कूळ आफ्रिकेकडून भारतात आले, भारताच्या पाठीवर बसून उत्तरेला गेले आणि मग आग्नेय आशियात पसरले. सगळीच झाडे अशी गेली नाहीत, पुष्कळ तिकडून इकडेही आली. पण बोर्निओच्या अरण्याच्या वंशावळीत आपल्या काळ्या पाषाणाखालच्या तळ्यांचा वाटा आहे. सिवनी जिल्ह्यात बिनोरी येथे नारळासारखे फळ निघाले, ते २०१४ साली प्रसिद्ध झाले. मोहगावातले एक फळ काहींनी केळीचे ठरवले, त्यावर शंकाही घेतल्या गेल्या. हे काम अजून चालू आहे.

चालू आहे, पण दगड राहतील तर. टाकळीचा थर आज कोठे पाहायचा? त्यावर घरे झाली, रस्ते झाले. खदानींतून गिट्टी गेली ती नागपूरच्याच रस्त्यांत. घरे नकोत असे मी म्हणत नाही, माझे स्वतःचे भाड्याचे घर त्याच बाजूला आहे. मोहगावकडचे धोंडे गोळा करणारे व्यापारी येतात, चकाकी देऊन शोभेला विकतात, असे ऐकतो. मी स्वतः एका कॉलेजात पाहिले आहे: कपाटात अश्मीभूत लाकडांचे नमुने होते, रंगरंगोटीच्या वेळी ते बाहेर काढले आणि मग ते कुंड्यांच्या भोवती लावले गेले. चिठ्ठ्या उडून गेल्या. कोणत्या गावचा, कोणत्या थराचा नमुना हे कळेना झाले की फळाचा निव्वळ दगड होतो.

चांगली उदाहरणेही आहेत. मध्यप्रदेशात तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात घुघुवा गावी दगडी झाडांचे रान आहे. ते नजरेस आणले धर्मेंद्र प्रसाद यांनी. ते जिल्ह्याचे सांख्यिकी अधिकारी, म्हणजे आकडेमोड करणारे सरकारी नोकर. १९८३ साली तेथे राष्ट्रीय जीवाश्म उद्यान झाले. आपल्या गडचिरोलीत सिरोंचा तालुक्यात वडदम येथेही असे उद्यान आहे, तेथील खोडे टाकळीहून जुनी. शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी ही दोन नावे टिपून ठेवावीत.

त्या सौंसरच्या मुलाचा दगड मी वर्षभर टेबलावर ठेवला होता. मुलगा पदवी घेऊन गावी निघाला तेव्हा परत मागायला आला. मी म्हटले, संग्रहालयात देऊ या. तो म्हणाला, "सर, आजोबा विचारतात, विळा कशावर पाजवू?" दोघांनी मिळून तोड काढली. शेताचा गट नंबर, गाव आणि दगड कोणत्या बांधावर होता हे एका कागदावर लिहिले, आणि दगडाचा बोटभर तुकडा कापून, त्या कागदासकट, वनस्पतिशास्त्राच्या त्या सहकाऱ्यांकडे दिला. कागदावर आजोबांचेही नाव घातले. उरलेला दगड पोत्यात बांधून मुलाने मोटारीच्या टपावर चढवला.